आईच्या शब्दांची यादी

बाहत्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पुण्याहून सोलापूरला घरी आले, ती एक कोरी वही घेऊन. भाषाशास्त्राचं एम.ए. चाललं होतं. सरांनी सांगितलं होतं, कानडी आणि तेलुगूतले सारखे शब्द जमव आणि या दोन्ही ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यात ते कसे असतील ते मांड. त्यासाठी मला लांब जायची गरज नव्हती. आई अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. मी मात्र तिला लहानपणापासून मराठीतच उत्तर देत आले होते. शेजारच्या काकू तेलुगू. त्यांचे यजमान कापडाच्या मागावर कामाला असायचे, त्या घरी विड्या वळायच्या.

रोज दुपारी काकू विड्यांचं सूप मांडीवर घेऊन आमच्याकडे बसायच्या. मी विचारायचे, दोघी सांगायच्या. दूध? आई म्हणायची हालु, काकू पालु. फूल? हुव्वु, पुव्वु. दात? हल्लु, पल्लु. आपल्या 'ह'च्या जागी काकूंचा 'प' येतो, हे चौथ्या-पाचव्या शब्दाला आईच्याच ध्यानात आलं. मग ती काकूंचा शब्द आधीच ओळखून सांगायची आणि बरोबर निघाला की तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या भाषेबद्दल घरात कुणी तिला पहिल्यांदाच काही विचारत होतं.

एका दुपारी अंगाचे शब्द चालले होते. आई मध्येच थांबली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "एदे नोवु."

एदे म्हणजे छाती, नोवु म्हणजे दुखणं. मी लिहून घेतलं आणि काकूंना विचारलं, दुखण्याला तुमच्यात काय म्हणतात? नोप्पि, त्या म्हणाल्या. दोन्हींतला 'नो' उघड दिसत होता. मी खूश झाले. काकूंचे हात मात्र थांबले होते.

"लई दुखतंय काय, अक्का?" त्यांनी आईला विचारलं.

"काय न्हाय. तिचं होऊ दे की."

मी पुढचा शब्द विचारला, गुडघा. आईनं तोही सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना ती नळापाशीच कोसळली. टांगा येईपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, आधी काही तक्रार होती का? वडील म्हणाले, नाही, कधीच काही बोलली नाही. मी शेजारीच उभी होते.

आठवड्यानं मी काकूंकडे गेले. त्या दुपारनंतर आई काही म्हणाली होती का, असं विचारलं. त्यांनी विडीची पानं कापायची कात्री बाजूला ठेवली.

"डॉक्टरकडं चला म्हणलं मी. तर म्हणाली, पोरगी गेल्यावर जाऊ. आत्ता कळलं तर ती वही बाजूला ठेवंल."

सुट्टी संपल्यावर मी पुण्याला परत गेले. निबंध पुरा केला. सरांना 'नो'चं उदाहरण फार आवडलं. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मी मान खाली घालून बसून राहिले. वडिलांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. ते पुढं अकरा वर्षं जगले, आणि आई काही न दुखता गेली असंच सगळ्यांना सांगत राहिले.