धुरावरचा गूळ

ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे." म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडली. मी त्यांच्यावरच खेकसलो. छातीत धूर बसला आहे, उतरेल. विडी नाही, दारू नाही, मला कायचा अटॅक? बोलता बोलताच डोळे फिरले.

पुढचं बायकोनं, रेखानं सांगितलं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं, म्हणजे हृदय धडकत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. नर्स खाटेवर चढून माझी छाती दणादण दाबत होती. शॉक दिला तसं अंग उडालं. पुन्हा दिला. दोन बरगड्या मोडल्या, पण मी परत आलो.

गोंदियाजवळ फुलचूरकडच्या एका राइस मिलमध्ये मी अकरा वर्षं बॉयलरवर होतो. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला धान वाफवतात, आणि त्या वाफेसाठी धानाचाच भुसा जाळतात. थुंकी काळी पडायची. छुट्टी झाली की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छातीतला धूर उतरतो, असं आम्ही सगळेच मानत होतो.

अटॅक आला त्या सकाळी मुर्रीत, आमच्या गावी घरीच, छातीवर घण बसला. डावा हात जड झाला, घामानं बनियन भिजली. मी गूळ घेतला. तोंडात घालणार तोच रेखानं चुलीतला तापलेला चिमटा माझ्या मनगटावर हाणला. मी शिवी देऊन तिला ढकललं. ती दारावर आपटली, कपाळ फुटलं, तरी उठून तिनं माझी गचांडी धरली.

"गूळ खाऊन तेजरामभाऊ गेले. आता तुमी कायले मरून राहिले? चला!"

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मला मधे बसवून तिनं गोंदियाला आणलं. तिथून दोन दिवसांनी नागपूर. अँजिओप्लास्टी केली, म्हणजे मनगटातून तार घालून बंद नळी उघडली.

नागपूरच्या डॉक्टरांना मी गुळाचं विचारलं. ते म्हणाले, धुरातली बारीक धूळ फुफ्फुसात थांबत नाही, रक्तात उतरते. नळ्या आतून सुजतात, गुठळी होते. कारणं आणखीही असतात, पण अकरा वर्षांचा धूर हे मोठं कारण. "गूळ पोटात जातो, धूर छातीत. दोघांची भेटच होत नाही."

ऐकलं आणि मी सलाइनची सुई उपटून फेकली. भिंतीवर डोकं आपटलं. दोन वॉर्डबॉयनी मला दाबून धरलं.

कारण तेजराम बॉयलरवरचा माझा जोडीदार होता. आदल्या वर्षी राखेच्या खड्ड्यापाशी तो छाती धरून बसला. मिलची जीप फाटकात उभी होती. दवाखान्यात नेऊ का, असं ड्रायव्हरनं विचारलंही. मी म्हणालो, काही नाही, धूर चढला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी गूळ भरवला. त्याला गिळवत नव्हतं, तरी बोटानं आत सारला. तो माझ्या मांडीवरच गेला.

घरी आलो तसा आधी त्याच्या बायकोकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं हातातला लोटा मला फेकून मारला. मग बराच वेळ रडली. शेवटी म्हणाली, "मले काऊन सांगता? मिलमंदी सांगा."

आता छुट्टीच्या वेळी मी मिलच्या फाटकावर उभा राहतो. छातीत दुखलं, हात जड झाला, घाम फुटला, तर गूळ नको, दवाखाना, एवढंच सांगतो. काही जण हसतात. त्यांना मी मनगटावरचा चिमट्याचा डाग दाखवतो. रेखाचे उपकार फिटायचे नाहीत. तेजरामच्या वेळी माझ्या हातावर मारणारं कोणी नव्हतं.