मालकांच्या खिशातली मराठी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात एका लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर काड्यापेटीएवढा एक ठोकळा आला होता. एका तोंडाला पंचवीस पिना, दुसऱ्या तोंडाला पंचवीस भोकं. पिनांची बाजू कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवायची आणि प्रिंटरची केबल ठोकळ्याच्या पाठीत खोचायची. त्याला लॉक म्हणायचे. ते नसलं की इंग्रजी झक्कास चालायचं, मराठी मात्र उघडायचीच नाही.

विकणाऱ्याने मालकांना बजावलं होतं, लॉक हरवलं तर सगळं सॉफ्टवेअर नव्याने घ्यावं लागेल. झालं. तेव्हापासून लॉक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहायला गेलं, चुन्याच्या डबीशेजारी. रोज सकाळी अगरबत्ती ओवाळून ते स्वतः टेबलाखाली शिरत आणि लॉक बसवत. संध्याकाळी काढून घरी नेत. ते जेवणावळीला गडमुडशिंगीला गेले की दुकानातली मराठीही त्यांच्याबरोबर पंगतीला बसायची. मग मी दिवसभर व्हिजिटिंग कार्डं करायची.

मला हात लावायची मनाई होती. "बायकांच्या हातात द्यायची वस्तू न्हाय ती," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मला राग यायचा. पण घरात पगार माझ्या एकटीचा होता, म्हणून गिळायची.

एका सकाळी लॉक बसलं, मशीन सुरू झालं आणि पडद्यावर उमटलं, लॉक सापडत नाही. समोर कसबा बावड्याचे एक पाहुणे मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन बसले होते. मालकांनी लॉक काढलं, फुंकलं, सदऱ्याला पुसलं, कानाशी धरून हलवलं. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. मग ते शेजारच्या, नऊ पिनांच्या पोर्टमध्ये दाबून बघितलं. पंचवीस पिनांना नऊ पिनांच्या घरात जागा कुठली मिळणार?

शेवटी ते माझ्यावर उलटले. "काल संध्याकाळी काय केलीस तू? खरं सांग. न्हायतर उद्यापास्नं येऊ नगंस."

मी त्या लॉकला दोन वर्षांत बोटही लावलं नव्हतं. "बघू तरी द्या," मी म्हटलं आणि त्यांच्या हातातून ते घेतलंच. खालच्या ओळीतली एक पिन आडवी झाली होती आणि तिच्या बुडाशी पांढरा चुना बसला होता.

मी ओढणीची सेफ्टी पिन काढली. चुना खरवडला आणि वाकलेली पिन हळूहळू वर उचलली. ती मोडली असती तर नोकरी नक्की गेली असती. मालक डोक्यावर उभे राहून "मोडचील, मोडचील" म्हणत होते. पिन उभी राहिली.

"दे हिकडं," त्यांनी हात पुढे केला.

मी लॉक मुठीत धरलं. कुठून धीर आला कोण जाणे. "आधी पावण्यांस्नी सांगा, पिन कुणी वाकवली?"

"ते आता कशाला?"

"चुना मी खात न्हाय, मालक."

पाहुणे कंटाळले होते. "सांगून टाका की वो. माज्या पोरीचं लगीन हाय, आम्हाला पत्रिका पायजे."

मालकांनी घसा खाकरला, रस्त्याकडे बघितलं. "माज्याच खिशात वाकली असंल," ते म्हणाले.

"असंल न्हवं, नक्की सांगा," मी म्हटलं.

"वाकली," ते म्हणाले.

पाहुणे खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी टेबलाखाली शिरून लॉक पोर्टमध्ये बसवलं, पण त्याचे दोन बारीक स्क्रू तसेच ठेवले. मी उठून मशीन सुरू केलं, मराठी उघडली. मग स्क्रू आवळायला मालकांना सांगितलं. ते मुकाट्याने खाली वाकले.