ताप उतरल्यावर

माझी आत्या तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होती. घरात तिच्यापुढे आजारपणाचं सोंग करायची कुणाची छाती नव्हती. कपाळाला हात लावून ती म्हणायची, "ऊठ, नाटक पुरे."

दवाखान्यात तिच्या हाताखाली एक फाशीचा कैदी काम करायचा. तरुणपणी बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला कुऱ्हाडीने मारलं होतं. दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला, तोवर तो मलमपट्टी शिकला, ताप बघायला शिकला. म्हातारे कैदी त्याच्याच हातून औषध घ्यायचे.

अर्ज फेटाळला गेला आणि त्याच आठवड्यात त्याला न्यूमोनिया झाला. आजारी माणसाला फाशी देत नाहीत. जेलरसाहेब आत्याला म्हणाले, "सिस्टर, लवकर उभा करा त्याला."

तिने त्याचं जीव तोडून केलं. ताप उतरला. त्या सकाळी तिने थर्मामीटर झटकला आणि डॉक्टरांना म्हणाली, "अजून आहे."

डॉक्टरांनी विश्वास ठेवला. फाशीची तारीख पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. आधी लाकडी फळ्या उघडल्याचा, मग काहीतरी जड खाली जाऊन दोराला हिसका बसल्याचा. आत्या दचकली.

"वाळूचं पोतं आहे," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या वजनाचं. दोर तपासतायत."

त्यानंतर तारीख पुढे गेली की आवाज पुन्हा यायचा. आत्या रोज खोटा ताप सांगत राहिली. तो जेवेना, झोपेना. खाटेच्या कडा धरून भिंतीकडे बघत राहायचा. एकदा तर आवाज आलाच नव्हता, तरी त्याचं अंग ताडकन उडालं.

"सिस्टर, मला ताप नाही," तो म्हणाला.

"गप्प पड."

"तुम्हीच शिकवलंत बघायला. तुम्ही मला वाचवताय, कळतं मला. पण मी रोज पडतोय हो त्या फळीतून."

डॉक्टर आले तेव्हा त्यानेच सांगितलं, "साहेब, मी बरा आहे." डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

त्याला पहाटे फाशी झाली. सकाळी वॉर्डातला एक आंधळा कैदी बोट पुढे करून बसला होता. "आत्ताच पट्टी सोडून गेला की तो," म्हणाला. "नवी आणतो म्हणाला." बोटावर पट्टी नव्हती. दार तर रात्रभर बाहेरून बंद होतं. आत्याने हातातला ट्रे खाली ठेवला, नवी पट्टी बांधली आणि तडक ऑफिसात जाऊन राजीनामा दिला.

"सरकारी नोकरी सोडतं का कुणी?" घरी काका ओरडले.

पुढे ती एका लहान हॉस्पिटलात लागली. तिथे शिक्षा भोगून सुटलेला एक खुनी कामाला आला. सगळे बिचकले. डॉक्टर नको म्हणत होते. आत्या त्यांच्याशी कडाकडा भांडली आणि तिने त्याला ठेवून घेतलं. तो सतरा वर्षं टिकला. आत्या गेली तेव्हा तिला उचलून गाडीत ठेवणाऱ्यांत तो होता.