दोन थेंब आणि साडेचार व्होल्ट

आमच्या यवतमाळच्या कॉलेजातली बॅटरी लॅब म्हणजे एक खोली आणि तिघं जण: कुळकर्णी सर, सविता राठोड आणि मी. पेपर छापून आले दोन, किस्से मात्र कपाटात मावत नाहीत!

सविता नेरजवळच्या तांड्यावरची. साडेचार व्होल्टवर बॅटरीतलं द्रावण कॅथोडपाशी, म्हणजे धन टोकापाशी, खराब होतं आणि सेल मरतो. त्यात दोन थेंब ॲडिटिव्ह टाकून कॅथोडवर कवच चढवायचं, ही तिची पीएच.डी. हिवाळ्यात टिकणारे सेल मार्चपासून पटापट मरू लागले. त्यात बाहेरगावचे तज्ज्ञ तपासायला येणार. ते नाही म्हणाले की प्रोजेक्ट बंद, पोरीची पीएच.डी.ही बंद!

*

एकदा तिचे बाबा आले. थेंब पाहून म्हणाले, "इतकुशानं काय होते व?"

सविता अर्धा तास समजावत बसली. बाबा म्हणाले, "मंग कपाशीच्या फवाऱ्यात पानाले चिकटाले टाकतो ते स्टिकरच म्हन न! इतकं डोकं कायले फोडून राह्यली?"

तेव्हापासून आमच्या बाटलीवर 'स्टिकर' असंच लिहिलंय.

*

सेल बनवताना पाण्याचा अंशही चालत नाही. सरांचे दोन्ही हात ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत, तेवढ्यात घरून त्यांच्या मिसेसचा फोन. मी तो त्यांच्या कानाशी धरला.

"टँकर आला, पाणी घेऊ न?" काकूंनी विचारलं.

सर सेलवरची नजर न काढता ओरडले, "पाणी? एक थेंबही नको!"

टँकर परत गेला. दोन दिवस सर हॉस्टेलवर आंघोळीला!

*

मे महिन्यात सविता वजनकाट्यासमोर थबकली. भट्टीत खडखडीत वाळवलेले कॅथोड आम्ही वजन करत होतो कुठे? मार्चपासून लावलेल्या कूलरच्या झोतात! वाळ्याच्या ओल्या ताट्यांसमोर!

"सर, आपणच त्याले पाणी पाजून राह्यलो!" तिनं कूलर बंद केला.

"अगं, मरू की आम्ही!"

"तुम्ही मरा सर, सेल जगला पाह्यजे!"

आणि जगला हो! घामानं निथळत आम्ही पेढे खाल्ले.

*

तज्ज्ञ आले. सेलच्या आलेखातली पंधरा दिवस न उतरलेली सरळ रेषा पाहून म्हणाले, "मशीन अडकलंय का?"

असा राग आला मला! सविता मात्र शांतपणे म्हणाली, "सेल घेऊनच जा न सर. तुमच्या मशीनवर लावा."

महिना गेला, दीड महिना गेला. पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. मग एका दुपारी तज्ज्ञांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, प्रोजेक्ट चालू ठेवा असं मी कळवलंय. पण हा सेल थांबतच नाहीये हो! आमच्या पोरांना मशीन पाहिजे. काढू का आता?"

"असू द्या न सर," सविता म्हणाली, "चालत्या जीवाले कायले थांबवता?"