बसवून पुरलेला वैमानिक

आमच्या तुरीच्या शेतात विमान पडलं होतं असं सांगितलं की नातवंडं आधी विचारतात, केवढं होतं? मला चीड येते. विमानाचं काय घेऊन बसलात, आत माणूस होता. पण चौकशी सगळे लोखंडाचीच करतात.

पोलीस अ‍ॅक्शनचे दिवस होते. हिंदी फौज निजामाच्या राज्यात शिरली होती आणि आमच्यावरून बिदरकडे विमानं जायची. आमचं गाव मुडबीजवळ. मी तेव्हा बारा वर्षांची. त्या सकाळी एक विमान धूर ओकत इतकं खाली आलं की आमचा एक बैल दावं तोडून पळाला. दुसऱ्याला पळता आलं नाही. विमानाच्या पंखाने त्याला मधोमध कापलं, मग ते बांधावर आदळलं आणि पेटलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगावर ओलं पोतं घेऊन त्या जाळात शिरले आणि वैमानिकाला काखेत हात घालून ओढत बाहेर घेऊन आले. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, कातडं सुटून लोंबत होतं. पोटात पत्र्याचा तुकडा घुसला होता. तो उपसला तर आतडी बाहेर येतील म्हणून कुणी त्याला हात लावला नाही.

आमच्या पडवीत तो दुपारपर्यंत जगला. मी त्याच्या ओठांना पाण्याचा बोळा लावत बसले होते. आधी तो ओरडत होता, मग त्याच्या भाषेत आईला हाका मारत होता, मग नुसता कण्हत राहिला. त्याचं नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

जीव गेल्यावर शेजारचे लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी म्हणालं, "कोणच्या जातीचा हाय ते बघा की आदी."

"माज्या घरात जीव गेलाय," अप्पा म्हणाले, "म्हंजी घरचाच हाय. आपल्यावाणीच करायचं."

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. अंग ताठायच्या आत त्याला मांडी घालून बसवतात, गुडघे कापडाने आवळतात, हात मांडीवर बांधतात, तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी घेतात. कपाळाला विभूती लावतात आणि खड्ड्यात तसंच बसवून वरून मीठ आणि माती लोटतात. चार महिन्यांपूर्वी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, आम्ही असंच बसवलं होतं. रझाकारांनी त्याला विहिरीवर पाणी शेंदताना गोळी घातली होती. अप्पांनी त्या परक्या पोराच्या पोटातला पत्रा उपसला आणि त्याला अण्णाच्या शेजारी, पाच हातांवर बसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फौजेच्या ट्रका आल्या. आवाज ऐकताच गाव जोंधळ्यात पळालं. अप्पा पळाले नाहीत. आपण चांगलं काम केलंय, फौज आपल्याला शाबासकी देईल, असं त्यांना वाटत होतं. इतका भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वैमानिकाचं घड्याळ त्यांनी जपून ठेवलं होतं, ते त्यांनी स्वतःहून अधिकाऱ्याच्या हातात दिलं आणि जागाही स्वतःच दाखवली.

शिपायांनी माती काढली. आधी डोकं दिसलं, मग जबड्याला आवळलेली पट्टी, मग बांधलेले हात, बांधलेले गुडघे. तोंडात, डोळ्यांत मीठ. एक शिपाई बाजूला जाऊन ओकला. अधिकारी मेलेल्याच्याच वयाचा होता. त्याने अप्पांकडे पाहिलं आणि ते काही बोलायच्या आत बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले.

"बाँधकर ज़िंदा गाड़ा इसको?"

"न्हई साब, मरने के बाद बिठाए," अप्पा रक्त थुंकत म्हणाले, "हमारे में ऐसाइच करते."

कोण विश्वास ठेवणार? घड्याळ लुटीचं ठरलं, भाजलेले हात छळाचे ठरले, पोटातलं भोक भाल्याचं ठरलं. अप्पांना बाभळीला बांधलं. लाथा, पट्टे, दस्ते. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. मी मधे पडले तर मला केसांना धरून भिरकावलं. मग अधिकाऱ्याने दोघा शिपायांना दहा पावलांवर उभं केलं आणि त्यांनी बंदुका भरल्या.

तेव्हा अव्वा, माझी आई, घरातून कुदळ घेऊन आली. तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. तिने सरळ त्या अधिकाऱ्याची बाही धरली आणि त्याला ओढत अण्णाच्या समाधीपाशी नेलं. शिपाई तिच्यावर धावले, पण का कोण जाणे, त्याने हाताने त्यांना थांबवलं.

अप्पांच्या लक्षात आलं. मार खाताना ते ओरडले नव्हते, आता ओरडले. "नगं! मला मारू दे, पर पोराला उकरू नगंस! ऐक माजं!"

अव्वाने कुदळ घातली. पावसाने माती मऊ होती. थोडं खणल्यावर तिने कुदळ टाकली आणि हातांनी माती काढायला लागली, कुदळ त्याला लागू नये म्हणून. वास सुटला तसे शिपाई मागे सरले. ती सरली नाही. मिठाचे खडे लागले, मग अण्णाचं डोकं. जबड्याची पट्टी तशीच होती, तिच्याच लुगड्याची फाडलेली. चेहऱ्याचं काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. अधिकारी "बस, माँजी, बस" म्हणत होता. तिने पार गुडघे उघडे केले, त्यांच्यावरची गाठ बोटाने दाखवली आणि मग त्याच बोटाने बाभळीकडे.

अधिकाऱ्याने टोपी काढली. अप्पांना सोडलं. त्या पोराच्या पट्ट्या कापून त्याला ताडपत्रीवर आडवं केलं आणि ते निघून गेले. अण्णावर माती आम्ही तिघांनी लोटली. अव्वाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

अप्पांची बरगडी वाकडीच जुळली. कित्येक महिने ते अव्वाशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. ज्वारीची खळी उरकली तेव्हा एका सकाळी भाकरी खाता खाता त्यांनी हात थांबवला. म्हणाले, "माज्या एकट्यासाठी पोराला उकरलीस."

अव्वा भाकरी थापत होती. "व्हय," ती म्हणाली. "त्यो मेला व्हता. तुमी जित्ते व्हते."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. तिथेच, पिठाचे हात तोंडावर दाबून, ती रडायला लागली. अप्पा ताटावरून उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.