लाल रेघेच्या वर

पुलाच्या तिसऱ्या खांबावर एक पट्टी रंगवलेली आहे. तिच्यावर फूट आहेत, इंच आहेत आणि सोळा फुटांवर धोक्याची एक लाल रेघ आहे. एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला एक गृहस्थ तिच्यासमोर उभे राहत, नदीचं पाणी कुठवर आलंय ते बघत आणि नोंदवहीत लिहीत. कचेरीत त्यांना सगळे ‘काटेकोर’ म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांच्या वहीत एकही चौकोन रिकामा नव्हता. अंगात ताप होता तेव्हा नाही, सासरे गेले त्या दिवशीही नाही. माणसाला कशाची घमेंड असावी याला काही नियम नसतो. यांना चौकोनांची होती.

ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी ती वही नगरपरिषदेच्या सभागृहातल्या टेबलावर आली. नदीकाठच्या सखल मैदानावर चारशे घरं बांधायचा प्रस्ताव होता. त्याआधी पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास करून घ्यायचा, की झाला तेवढा छोटा अहवाल पुरे मानायचा, एवढंच त्या दिवशी ठरायचं होतं. छोट्या अहवालाचं म्हणणं असं, की एकतीस वर्षांत पाणी लाल रेघेच्या वर गेलेलंच नाही. आणि त्याला आधार काटेकोरांच्या वहीचा.

म्हणून तर त्यांना मानाने बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी ठेवणीतले कपडे घालून बायको.

नागरिकांनी बोलायची वेळ आली तेव्हा सखल भागातली एक शिवणकाम करणारी बाई उठली. ‘बारा वर्षांपूर्वी माझ्या घरात पाणी शिरलं होतं,’ ती म्हणाली. ‘मशीन बुडालं होतं माझं. तेव्हा त्या बाजूला माझं एकटीचंच घर होतं. तिथं घरं बांधायच्या आधी नीट तपासा तरी.’

अहवाल लिहिणारा अभियंता काही वाईट माणूस नव्हता. त्याने वहीतलं पान काढलं आणि शांतपणे वाचलं, ‘बाई, तो सगळा महिना पाणी नऊ-दहा फुटांवर होतं. सकाळ-संध्याकाळची नोंद आहे.’

मागे कुणीतरी खुसखुसलं. बाई खाली बसली.

काटेकोरांच्या पायाखालची वाळू सरकली. त्या महिन्यात ते नदीवर नव्हतेच. बायकोचं मोठं ऑपरेशन झालं होतं, दवाखाना चार तासांवरच्या शहरात, आणि चाळीस दिवस ते तिच्या उशाशी बसून होते. बदली माणूस मागता आला असता, पण आपल्या वहीत दुसऱ्याचं अक्षर त्यांना खपलं नसतं. ‘नोंद नाही’ असं लिहिता आलं असतं, पण मग चौकोनांचं काय? तेव्हा वही दवाखान्यात नेली आणि मागच्या वर्षीचं पान समोर ठेवून, इथे एक इंच वाढव, तिथे दोन कमी कर, असं करत त्यांनी चौकोन भरले आणि पानाची नक्कल टपालाने कचेरीत पाठवून दिली. परत येऊन बघतात तो खांबावर लाल रेघेच्याही वर वाळलेला चिखल. किती वर, ते त्यांनी मोजलं नाही. बादली आणि ब्रश घेतला आणि पट्टी स्वच्छ धुतली. पट्टी धुणं हे त्यांचं कामच होतं. वही कोण वाचतंय, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

त्यांचा चेहरा बघून बायकोला सगळं कळलं. तिने बाही धरली. ‘बसा गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

‘अगं, पण ती बाई खरं बोलतेय.’

‘आणि तुम्ही? ते चाळीस दिवस तुम्ही माझ्याजवळ होतात म्हणून मी आज इथे बसलेय. ते चारचौघांत गुन्हा म्हणून सांगणार?’

तिचं खोटं नव्हतं, आणि ती रडकुंडीला आली होती. ते बसून राहिले. अध्यक्षबाईंनी अहवाल पुरेसा मानणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं, आणि पहिले दोन हात वर जातात न जातात तोच काटेकोर उभे राहिले.

‘ते पान खोटं आहे. मी घरी... नाही, दवाखान्यात बसून भरलंय.’

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. ‘काका, मग उरलेल्या तीस वर्षांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?’

खरी होती हो ती तीस वर्षं! थंडीत कुडकुडत, छत्री मोडलेली असताना, पाय मुरगळलेला असताना लिहिलेली. पण हे आता कुठल्या तोंडाने सांगणार?

एका मताच्या फरकाने पूर्ण अभ्यासाचा ठराव पास झाला. त्याबरोबर आणखी एक ठराव झाला: ही नोंदवही यापुढे कुठल्याही कामी ग्राह्य धरू नये. अख्खी वही. काटेकोरांनी मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात ती शिवणकामवाली बाई त्यांची वाट बघत उभी होती. आभार मानेल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना त्या घटकेला तेवढं हवंच होतं.

तिने पिशवीतून एक घड्या पडलेला कागद काढला. तिचा तेव्हाचा नुकसानभरपाईचा अर्ज. कोपऱ्यात शेरा: ‘पाणी शिरल्याची नोंद आढळत नाही.’

‘आमचे हे तेव्हा परगावी कामाला होते,’ ती म्हणाली. ‘हा शेरा वाचला आणि म्हणाले, मशीन तूच कुठेतरी घालवलंस. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.’

बायकोने काटेकोरांचा हात धरला. या वेळी थांबवायला नाही.

‘किती होतं हो पाणी त्या दिवशी?’ बाईने विचारलं. ‘तुम्हाला तर इंचासकट ठाऊक असेल.’

‘मला माहीत नाही,’ काटेकोर म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

बाईने हाताचा पंजा आडवा करून कमरेच्या वर, बरगडीला टेकवला. दुसऱ्या हाताने कागद पुढे केला.

‘इथपर्यंत होतं,’ ती म्हणाली. ‘लिहा.’