मॅचिंगवाल्या चंद्रभानची टाकी

चंद्रभान परक्या बाईच्या तोंडाकडे पाहत नाही, अशी नागपूरच्या तांडापेठेत त्याची ख्याती आहे. तो पदराकडे पाहतो. त्याच्याच गल्लीतल्या इंदुताई परवा दवाखान्याच्या लायनीत समोर उभ्या होत्या, ड्रेस घालून. त्यानं ओळख दिली नाही. त्यांची मोतिया साडी एकटी कुठं वाळत पडलेली दिसली असती, तर थांबून नमस्कार केला असता.

याला कारण त्याचा धंदा. इतवारीत बापूजींचं मॅचिंग सेंटर आहे, आणि चंद्रभान तिथं अर्धं आयुष्य गादीवर बसून आहे. बाई साडी पुढं टाकते, चंद्रभान भिंतीवरच्या शेकडो ब्लाउजपिसांतून एक ओढतो, दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात जातो. ट्यूबलाइटवर त्याचा विश्वास नाही. दारातल्या उन्हात पीस साडीवर ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "आहे," किंवा "नाही." दुसरा शब्द नाही. नाही म्हटलं की पीस परत भिंतीवर. बापूजींचा यात जीव जळतो. "अरे, कॉन्ट्रास्ट म्हणून दे ना," असं ते गल्ल्यावरून कुजबुजतात. चंद्रभान मोठ्यानं सांगतो, "कॉन्ट्रास्ट पायजे असल तं कॉन्ट्रास्ट मागा. मॅचिंग म्हणून मी हे देत नाही." त्या एका 'नाही'साठी कामठी-रामटेकच्या बाया बस पकडून येतात, हे बापूजींना माहीत आहे. म्हणून तो अजून गादीवर आहे.

नजर त्याला बापाकडून आली. बाबनराव विणकरांना सूत रंगवून द्यायचे. पुढं हातमाग गेले, रंगाच्या कढया भंगारात गेल्या, बाबनरावही गेले. नजर तेवढी मागं राहिली.

तर अशा माणसाजवळ एक मरून मोटारसायकल होती. घेतली तेव्हा देखणी होती. नंतर टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडून सांडून रंग उडाला, उन्हानं वरची बाजू विटली, आणि मुलगी काजल शिकताना एकदा पडली त्याची खूण डाव्या बाजूला राहिली. साइडची पॅनलं मात्र जशीच्या तशी. त्यांचं श्रेय शामलाला जातं. ती इतकी वर्षं मागं बसली, आणि तिच्या साडीनं पॅनलं रोज पुसली गेली.

ही शामला, म्हणजे चंद्रभानची बायको, गेल्या उन्हाळ्यात गांधीबागेच्या रस्त्यावर सकाळी सकाळी काजलच्या मैत्रिणीची स्कूटी शिकली. चंद्रभानला सांगितलं नाही. त्याला सांगितलं शेजारच्या नत्थूजींनी. नत्थूजी गिरणीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. ती खुर्चीही गिरणीतलीच आहे म्हणतात.

"चंद्रभान, तुही बायको स्कूटी चालवून राहिली म्हंते."

"कोण म्हंते?"

"मीच म्हनून राहिलो. चांगली चालवते. तुह्यापेक्षा वळण बरं घेते."

चंद्रभान घरी आला आणि जेवून झोपला. दसऱ्याच्या आधी शामलाच बोलली.

"अवो, ती गाडी एक्स्चेंजमंधी देऊन टाकू. नवी स्कूटी येते. माह्या भिशीचे आहेत, वरतून हप्ता पडते थोडासा."

"काहून? गाडीले का झालं?"

"गाडीले का नाही झालं ते सांगा. माह्या भावाच्या घरी जातो तं भाऊ म्हंते, आत नका घेऊ, फाटकाबाहेरच राहू द्या."

"रंग गेला फक्त. इंजिन पाय."

"इंजिन लोकाईले दिसत नाही."

आता इथं चंद्रभानचं दुखणं सांगितलं पाहिजे, कारण त्यानं स्वतः ते कोणाला सांगितलेलं नाही. गाडी जाण्याचं त्याला एवढं काही नव्हतं. पण स्कूटी आली की ती शामलाची. शामलाची म्हणजे शामला चालवणार. आणि शामला चालवणार म्हणजे चंद्रभान मागं बसणार. तांडापेठेतून, गोळीबार चौकातून, नत्थूजींच्या खुर्चीसमोरून. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिथंच उभं राहिलं.

"मी रंगवतो," तो म्हणाला.

"कोण?"

"मी. घरी. दसऱ्याच्या पूजेपर्यंत नव्यासारखी नाही दिसली तं देऊन टाक."

शामलानं पोळी उलटवली. "टाकी अन् पॅनल एका रंगाचे दिसले तं राहू द्या तुमची गाडी," ती म्हणाली. "ठिगळ दिसलं तं स्कूटी."

मॅचिंगवाल्याला मॅचिंगची अट. चंद्रभानला हसूच आलं. त्यानं ते दाखवलं नाही.

पेंटरकडे तो जाऊन आला होता. भाव ऐकून त्याचा तिथला चहाही प्यायचा राहिला. काजलची नर्सिंगची फी त्याच महिन्यात होती, तेव्हा पॅनलांना हात लावायचा नाही, फक्त टाकी रंगवायची आणि पॅनलांशी मिळवायची, असं ठरलं. रंगाचा दुकानदार म्हणाला, कंपनीचा शेड नंबर सांगा, तयार डबा देतो. चंद्रभाननं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू डोळसाच्या हातात कोणी आंधळ्याची काठी देत आहे. नंबर ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी असतो. त्यानं मरून, काळा आणि तांबडा असे तीन लहान डबे घेतले, ते एका तयार डब्यापेक्षा स्वस्त पडले आणि या गोष्टीचा त्याला विशेष आनंद झाला.

स्प्रेची बंदूक आणि कॉम्प्रेसर कवडूचा. कवडू कूलर रंगवतो. नागपुरात उन्हाळ्याआधी त्याला जेवायला फुरसत नसते आणि ऑक्टोबरात कोणी विचारत नाही, म्हणून मशीन फुकट मिळालं, सोबत कवडूही मिळाला.

पेट्रोल काढलं, टाकी खोलली. पाण्यात पॉलिश पेपर बुडवून चंद्रभाननं ती दोन्ही हातांनी घासली, काजलच्या पडण्याच्या खुणेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासली, प्रायमर मारला. हे सगळं नीट झालं. त्यात बोट ठेवायला नत्थूजींनाही जागा मिळाली नाही, आणि त्यांनी येऊन शोधली होती. धूळ बसू नये म्हणून अंगणात मच्छरदाणी टांगली आणि तिच्यात टाकी सुतळीनं लटकवली. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया आत कोण झोपलं आहे ते वाकून पाहून गेल्या.

रंग मिसळायला मात्र त्यानं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. डबा, काडी, पॅनल आणि ऊन. काडी रंगात बुडवायची, पॅनलवर आडवी धरायची, डोळे बारीक. थेंबभर काळा, परत काडी. शेवटी रंग पॅनलशी तंतोतंत जुळला. कवडू म्हणाला, "बसला बे. मार आता."

"थांब," चंद्रभान म्हणाला, आणि त्यात अजून थोडा काळा टाकला.

"हे काहून?"

"ओला रंग खोटं बोलते. सूत रंगवलं का ओलं असतानी गडद दिसते, वाळलं का एक शेड उतरते. म्हणून कढईतून काढतानी एक शेड वरतं ठेवायचं. माह्या बापानं आयुष्यभर तसंच केलं."

"कूलरमंधी तसं नसते गा."

"कूलरमंधी कसं असते?"

कवडूनं विचार केला. "कूलरले कोणी मॅचिंग पाहत नाही," तो म्हणाला. चंद्रभाननं बंदुकीत रंग भरला.

मच्छरदाणीत शिरून चंद्रभाननं हात मारला. हात चांगला होता. एक ओघळ आला नाही. ओली टाकी पॅनलपेक्षा एक शेड गडद दिसत होती, म्हणजे हिशेबात होती. तो समाधानानं जेवला.

सकाळी टाकी उतरलेली नव्हती. उलट किंचित चढल्यासारखी वाटली. पक्की वाळली नसेल, असं त्यानं शामलाला न विचारता सांगितलं. दुपारी तो दुकानातून खास पाहायला आला. टाकी वाळून ठणठणीत झाली होती, आणि वांग्याकडे निघाली होती.

आता लोखंड पाणी पीत नाही आणि सूत पितं, एवढी साधी गोष्ट. पण बापाच्या कढईजवळ वाढलेल्या माणसाला ती सुचायला वेळ लागतो. चंद्रभानला तर दुसरंच सुचलं. सुताला खळ चढवली की रंगाची चमक मरते, रंग थोडा फिका होतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. वरून लॅकर मारायचाच आहे. पाण्यासारखा बिनरंगी लॅकर खळीचंच काम करेल आणि टाकी ठिकाणावर येईल. त्यानं लॅकर मारला, आणि कसर राहू नये म्हणून परत एक हात मारला.

लॅकरखाली टाकीचं वांगं पूर्ण पिकलं. भरल्या वांग्याला जे बाया निवडून घेतात ना, चकचकीत, तसं. त्यात कवडूला स्वतःचं तोंड दिसलं, तो केसही सारखे करून गेला. काम म्हणून पाहिलं तर गल्लीत असं काम कोणाच्या टाकीवर झालं नसेल. शेजारी पॅनल ठेवलं, की मात्र दोघं एकमेकांना ओळख देत नव्हते.

रंग संपला होता. दसरा उजाडला होता.

नत्थूजी सकाळीच खुर्चीसकट आले. त्यांनी टाकी पाहिली, पॅनल पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"आयक. कॉन्ट्रास्ट म्हणून दे."

"बापूजीनं पाठवलं का तुमाले?"

"अरे, आजकाल तशाच गाड्या येऊन राहिल्या. टाकी एक, पॅनल एक. अन् खरं सांगू, शामलाले शेडमधलं काय समजते? तू म्हटलं मॅचिंग, का मॅचिंग. तुह्या शब्दावर अख्खी इतवारी ब्लाउज शिवते."

हे शेवटचं वाक्य चंद्रभानला लागलं, कारण खरं होतं. त्यानं हो म्हटलं तर कोण वाद घालणार होतं? त्यानं टाकी गाडीवर चढवली, नट कसले, झेंडूचा हार टाकीवर असा काही पसरवला, की टाकी कमी आणि झेंडू जास्त दिसावा.

पूजेला गल्लीतल्या चार बाया जमल्याच. इंदुताई होत्या. शामलानं गाडीला कुंकू लावलं, नारळ बाजूला ठेवला आणि हार उचलला. मग तिनं स्क्रू फिरवून एक पॅनल काढलं आणि अंगणात ऊन पडलं होतं तिथपर्यंत गाडी ढकला, असं चंद्रभानला सांगितलं. त्यानं ढकलली. तिनं पॅनल टाकीवर टेकवून धरलं.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "माही नजर नाही. तुमी सांगा. मॅचिंग आहे का?"

बाया पुढं सरकल्या. त्यांच्यापैकी तिघींच्या अंगावरचे ब्लाउज चंद्रभाननं दिलेले होते. नत्थूजी खुर्चीत पुढं झाले आणि त्यांनी होकाराची मान अशी हलवली, की वाऱ्यानं हलली म्हणता यावं आणि सल्लाही पोचावा.

चंद्रभाननं डोळे बारीक केले. खरं तर गरज नव्हती. त्याला ते मच्छरदाणीतूनही दिसलं होतं. तरी त्यानं पुरतं पाहिलं, पॅनल थोडं तिरपं करून पाहिलं, जसं गिऱ्हाइकाचं पाहतो.

"नाही," तो म्हणाला.

"थोडं तरी?" इंदुताई म्हणाल्या. त्यांना गाडीशी देणंघेणं नव्हतं, पण कोणाच्या नवऱ्याची एवढी फजिती सणाच्या दिवशी पाहवत नसावी.

"मॅचिंग थोडं नसते, ताई. असते का नसते."

नत्थूजी मागं टेकले. "गाढव आहे," ते हळूच म्हणाले, आणि गल्लीत ते सगळ्यांनी ऐकलं.

शामलानं पॅनल पदरानं पुसलं आणि परत लावलं. स्क्रू तिनंच कसला. ती काही जिंकल्यासारखी दिसली नाही, आणि हेही सांगितलं पाहिजे की ती आत गेली तेव्हा चंद्रभानसाठी चहा तिनं न सांगता ठेवला, साखर जास्त टाकून.

दुपारी शोरूममध्ये जुनी गाडी दिली. एक्स्चेंजवाल्या पोरानं भोवती एक फेरी मारली आणि कागदावर रंग लिहिला 'लाल'. चंद्रभाननं ते वाचलं. शामला सांगते, की गाडी गेल्याचं त्याला जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं.

नवी स्कूटी करड्या रंगाची होती. हार, लिंबू, पेढा झाला. संध्याकाळी सोनं द्यायला कामठीला भावाकडे जायचं होतं. शामलानं पदर कमरेला खोचला, किल्ली फिरवली आणि वाट पाहत राहिली. चंद्रभाननं आधी एका बाजूनं पाय टाकून पाहिला, मग दुसऱ्या. शेवटी बसला. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची होतीच.

"चंद्रभान," नत्थूजी म्हणाले, "मागून कशी दिसते गा दुनिया?"

"थांबू का, जी?" शामलानं विचारलं. "तुमाले पण बसवून नेतो एक चक्कर."

नत्थूजींनी पाय खुर्चीखाली घेतले.

पुढं वळणावर गाडी थोडी कलली. चंद्रभानचे हात हवेत काही शोधून आले आणि मोकळेच परत आले.

"धरून बसा ना," शामला म्हणाली.

"काय धरू?"

"मी काय धरत होती इतके वर्ष?"

चंद्रभाननं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलेलं नव्हतं.

"काय धरत होती?"

"पिशवी," शामला म्हणाली, आणि पुढच्या हुकाला अडकवलेली आपट्याच्या पानांची पिशवी काढून तिनं मागं दिली. चंद्रभाननं ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि गाडी गोळीबार चौकाकडे लागली.